बिनमुराळ्याची गाडी

धनराजला कोडिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे तो चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचा. लाज वाटावी अशा गोष्टीचा तोरा मिरवणारी माणसं असतात, त्यातलाच हा. पण पोटापाण्याचा धंदा त्याने त्यावरच उभा केला होता, हेही खरं. दुकानात, दवाखान्यात, क्लासेसमध्ये रोज तीच ती कामं करून माणसं वैतागतात. ती कामं हा एकमेकांना जोडून द्यायचा. कुणी फॉर्म भरला की नाव आपोआप शीटमध्ये, शीटमध्ये नाव पडलं की गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅप, मग दोन दिवसांनी आठवण, वाढदिवसाला शुभेच्छा. स्क्रीनवर चौकोन असायचे. या चौकोनातून त्या चौकोनात रेघ ओढली की काम फत्ते. याला तो ‘जोडणी’ म्हणायचा. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये, खिडकीचा पडदा ओढून, एकटाच बसून त्याने अर्ध्या नाशिकची जोडणी करून दिली होती.

एकटाच म्हणजे अगदीच एकटा. लग्न जमता जमता राहून गेलं, मग जमवायचंच राहून गेलं. आई होती तोवर घरात भांड्याला भांडं लागायचं, टीव्ही मोठ्याने चालायचा, कुकरची शिट्टी झाली की आई त्याच्यावर ओरडायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि घराचा आवाजच गेला. दिवसभर फोन टुणटुण वाजायचा, पण ते सगळे त्यानेच लावलेले चौकोन असायचे. फॉर्म आला, मेसेज गेला, काम झालं. कधी कधी संध्याकाळी त्याच्या लक्षात यायचं, की सकाळपासून आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही. मग तो उगाच खाली जाऊन दुकानदाराला ब्रेड ताजा आहे का, असं विचारायचा. ब्रेड त्याला नको असायचा.

त्याचं म्हणावं असं जगात एकच माणूस उरलं होतं, त्याची थोरली बहीण बायडाबाई. तो तिला आक्का म्हणायचा. तिचं सासर सटाण्याच्या पुढे, ताहाराबादच्या बाजूला. आता त्या मुलखात आखाजी म्हणजे काय चीज आहे, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. दिवाळी एकवेळ चुकली तर चालेल, पण आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, लेक माहेरी आलीच पाहिजे. आणि ती आपली आपण उठून येत नाही बरं. तिला न्यायला माहेरचा माणूस जावा लागतो. त्याला मुराळी म्हणतात. बाप जातो, भाऊ जातो, कुणीच नसेल तर चुलतभाऊ जातो, पण माणूस जातो. तो दारात आला, पाणी प्याला, विहिणीने त्याला खोचून चार शब्द ऐकवले, त्याने ते हसत ऐकले, की मग लेक पिशवी उचलते. गल्लीतल्या बायका ओट्यावर बसून कुणाचा मुराळी आला, कुणाचा नाही, याच्यावर डोळा ठेवून असतात. ज्या बाईचा आला नाही, तिला कुणी काही बोलत नाही. तेच जास्त लागतं.

आई गेल्यावरची पहिलीच आखाजी धनराज साफ विसरला. नाशिकमध्ये राहून राहून तो सणही पुसट झाला होता. आक्का पिशवी भरून दारात बसून राहिली. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा ती रागावली नाही, फक्त रडली. धनराजला त्या रडण्याने इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की त्याने कानाला खडा लावला. पुन्हा म्हणून विसरणार नाही. आणि न विसरण्याचा त्याला ठाऊक असलेला खात्रीचा मार्ग एकच होता. त्याने आक्काची जोडणी केली.

हसू नका. त्याने ती प्रेमानेच केली होती. दर रविवारी सकाळी त्याच्या ऑफिसच्या नंबरवरून आक्काला मेसेज जायचा, ‘आक्का, कशी आहेस? तब्येत बरी आहे ना?’ तिचं काही उत्तर आलं की लगेच परत जायचं, ‘बरं आक्का. काळजी घे.’ आखाजीचा दिवस कॅलेंडरमध्ये घातलेला होता. त्याच्या आधी आठवडाभर मेसेज, ‘आक्का, आखाजीला यायचं हं.’ आणि आदल्या दिवशी गाडी. द्वारकेजवळच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याचं बुकिंग धनराजनेच बसवून दिलं होतं, त्यामुळे त्या चौकोनाला रेघ ओढायला कितीसा वेळ लागतो? एसी गाडी, दारातून दारात. वडील न्यायला जायचे तेव्हा एसटीत उभ्याने यावं लागायचं, धूळ खात. आपण बहिणीसाठी किती सुधारणा केली, असं त्याला मनापासून वाटलं.

मग तिला फोन का नव्हता करत, असं कुणीही विचारेल. करायचा की, सुरुवातीला. पण फोन लागला की दोन मिनिटांत आईचा विषय निघायचा आणि दोघांनाही रडू यायचं. फोन ठेवल्यावर तिच्याकडे घर होतं, नवरा, सून, गोठा. याच्याकडे पंख्याचा आवाज. हळूहळू फोन करणं त्याच्या जिवावर यायला लागलं. जो एकटा पडतो, त्याला वाटतं की आपण बोललो तर रडूच. म्हणून तो बोलत नाही, आणि आणखी एकटा पडतो. धनराजचं तसं झालं होतं.

यंदा आखाजीला जायचं त्याच्या मनात आलं नव्हतं असं नाही. पण अक्षय्यतृतीयेच्याच मुहूर्तावर एका दुचाकीच्या शोरूमचं बुकिंग त्याच्या जोडणीवर सुरू व्हायचं होतं. मुहूर्ताच्या दिवशी गाड्या घ्यायला झुंबड उडते. मालकाने सांगून ठेवलं होतं, त्या दिवशी हलायचं नाही. धनराजने हिशेब केला, की आक्का आदल्या दिवशी येईल, आपण काम आटोपलं की तिच्यासोबत चार दिवस आहोतच. त्याने आंब्याची पेटी आणली. आईची गादी गच्चीत उन्हात घातली. आक्काला दूध लागतं म्हणून जास्तीचं दूध सांगितलं. दुपारपासून तो खिडकीचा पडदा सरकवून खाली बघत होता. इतक्या दिवसांनी घरात माणूस येणार म्हणून तो लहान पोरासारखा खिडकी ते दार येरझाऱ्या घालत होता.

गाडी आली. मागचं दार कुणी उघडलंच नाही. वसीम नावाचा ड्रायव्हर एकटाच उतरला. त्याने सांगितलं, की बाई गाडीत बसल्या खऱ्या, पण सटाणा ओलांडल्यावर एका फाट्यावर गाडी थांबवून उतरून गेल्या. इथेच काम आहे, भाऊला सांगा, एवढंच म्हणाल्या. वसीमने फाट्याचं नाव सांगितलं. धनराजच्या जन्मगावाचा तो फाटा. पण तिथे आता त्यांचं होतं काय? आईच्या माघारी घर विकून टाकलं होतं, सावळीराम नावाच्या गावातल्याच एका माणसाला. आक्काने तेव्हा चकार शब्द न काढता सही केली होती.

वसीम जाता जाता थांबला. तोंडातल्या तोंडात म्हणाला, साहेब, एक सांगू का, तुम्ही यायला पाहिजे होतं. गल्लीतल्या सगळ्या बायका गाडीभोवती जमल्या होत्या. बाईंनी आधी पुढच्या सीटवर पाहिलं, मग मागे पाहिलं, मग मला विचारलं, भाऊ कुठेय? मी म्हणालो, मी एकटाच आहे. तर त्या एकदम हसून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, की भाऊ पुढे सटाण्यात थांबलाय. आणि गाडीत बसल्या. 

धनराजला आधी रागच आला. एवढी एसी गाडी धाडली, गादी उन्हात घातली, आणि बाईसाहेब मधेच उतरून जातात म्हणजे काय? त्याने फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. माणूस दुखावला की आधी फणकारतो. धनराज त्या संध्याकाळी घरातल्या घरात आक्काशी कडाकडा भांडला, आणि समोर कुणी नसल्यामुळे भांडण लवकर संपलं.

आखाजीच्या सकाळी तो अंघोळ करून कॉम्प्युटरपुढे बसला. शोरूमला गर्दी लोटली होती. फॉर्म येत होते, मेसेज जात होते, सगळं कसं लोण्यासारखं सरकत होतं. मालकाचा फोन येईल म्हणून तो वाट पाहत राहिला. नाही आला. इतकी चोख जोडणी केली होती पठ्ठ्याने, की त्याची कुणाला गरजच पडली नाही. ज्या कामासाठी बहिणीला न्यायला गेलो नाही, त्या कामाला आपण नसतो तरी चाललं असतं, हे त्याला तिथे बसल्या बसल्या कळलं. कळून तो नुसताच बसला.

बसल्या बसल्या त्याने ऑफिसच्या नंबरवरचा आक्काच्या मेसेजचा रकाना उघडला. त्याचा आवाज बंद करून ठेवलेला होता, कारण उत्तरं आपोआप जायची. आक्काला टाइप करायला जमत नसे. तिने बोलून पाठवलेले निरोप होते, एकाखाली एक, आणि प्रत्येकाच्या खाली त्याच्या नावाने, ‘बरं आक्का. काळजी घे.’ त्याने शेवटून पाहायला सुरुवात केली. आखाजीच्या आठवड्यातला एक निरोप लावला. मागे गाईचं हंबरणं ऐकू येत होतं. आक्का घरच्या अहिराणीत बोलत होती, हळू, सुनेला ऐकू जाऊ नये अशी.

“भाऊ, औंदा तूच ये माले लेवाले. दुसरा कोनले धाडू नको.”

यंदा मला न्यायला तूच ये, दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. इतकं साधं मागणं. आणि खाली लगेच उत्तर गेलेलं, ‘बरं आक्का. काळजी घे.’

म्हणजे भावाने शब्द दिला होता. त्या शब्दावर तिने गल्लीभर सांगितलं असणार, की यंदा माझा भाऊ स्वतः येतोय.  शोरूमचं शोरूम बघून घेईल, म्हणत त्याने किल्ली उचलली आणि गाडी काढली.

वाटभर तो बाकीचे निरोप ऐकत गेला. आईच्या आवाजासारखाच आक्काचा आवाज झालाय, हे त्याला इतक्या दिवसांनी समजत होतं. गुडघा धरतो म्हणत होती. सून वाईट नाही, पण माझ्याशी बोलायचं तिला सुचतच नाही, म्हणत होती. एकदा आई स्वप्नात आली आणि धनराज जेवतो का विचारून गेली, असं सांगताना मधेच गप्प झाली होती. एकदा नुसतंच हसली होती, त्यांनी लहानपणी मिळून चोरलेल्या कैऱ्यांचं काहीतरी आठवून. एका निरोपात म्हणाली, तू रविवारी चौकशी करतोस ना, मला बरं वाटतं रे, आठवडाभर काय काय सांगायचं ते मी गोळा करून ठेवते. धनराजने देवळ्याच्या अलीकडे गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडला. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवून शिव्या घालून गेला, तेही त्याला कळलं नाही.

गावात शिरला तर लिंबाला झोका बांधलेला. माहेरी आलेल्या पोरीबाळी एकमेकींना ढकलत होत्या, गौराईची गाणी चालली होती. आणि त्याच्या जुन्या घराच्या ओट्यावर आक्का बसली होती, नव्या बांगड्या भरलेल्या, सावळीरामच्या बायकोबरोबर खापरावरच्या मांड्यांचं पुरण वाटायची तयारी करत. काल ती फाट्यावरून चालत आली, मारुतीच्या पारावर बसली. सावळीराम शेतातून येताना त्याने पाहिलं. कुठे निघालीस, एवढंही त्याने विचारलं नाही. म्हणाला, बायडा, माहेरी आलीस तर पारावर काय बसलीस, घरी चल. घर त्याने विकत घेतलं होतं, पण गावची लेक ती गावची लेक, एवढं त्याला कळत होतं.

धनराज ओट्याशी जाऊन उभा राहिला. आक्काने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“गाडी उनी,” ती म्हणाली. “तू उना नही.”

गाडी आली, तू आला नाहीस. सावळीरामची बायको पदर सावरून आत निघून गेली. धनराज आक्काच्या शेजारी टेकला. त्याला माफी मागायची होती. चुकलो, एवढं म्हणून गप्प बसला असता तर कदाचित सगळं निभावून गेलं असतं. भाऊ शब्द देऊन विसरतात, बहिणी ते पदरात घेतात, चार दिवस तोंड फुगवतात आणि सोडून देतात. पण धनराजला आपली बाजू मांडायची होती. आपण शब्द मोडला नाही, हे त्याला तिला पटवून द्यायचं होतं. म्हणून त्याने खरं ते सांगितलं. म्हणाला, आक्का, ते बरं मी म्हणालोच नव्हतो. ते आपोआप जातं. मी तसं लावून ठेवलंय, तुझं काही आलं की तिकडून ते जातं. रविवारचंही तसंच. मी तुझं बोलणं आज सकाळी पहिल्यांदा ऐकलं. तू ये म्हणालीस हे मला माहीत असतं तर मी आलोच असतो ना.

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. आक्का त्याच्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळायला थोडा वेळ लागला, आणि कळत गेलं तसा तिचा चेहरा उतरत गेला. हातातली वाटी तिने खाली ठेवली.

“मंग ते सगळं मी कोनले सांगं?”

मग ते सगळं मी कुणाला सांगितलं? ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती. गुडघ्याचं, सुनेचं, आईच्या स्वप्नाचं, कैऱ्यांचं, ते कुणी ऐकलं?  शब्द मोडणारा भाऊ तिने सहन केला असता. पण इतके रविवार पलीकडे कुणी नव्हतंच, हे आता तिला माहीत झालं होतं, आणि ते सांगणारा तो स्वतःच होता. आपण काय केलं, ते त्याला तेव्हा कुठे उमगलं.

त्याने विनवण्या केल्या. नाशिकला चल म्हणाला, आंबे आणलेत, गादी घातलीय. ती नको म्हणाली. रागावून नाही, थकून. मग तो म्हणाला, निदान सासरी तरी मी सोडतो. त्यालाही ती नको म्हणाली. सावळीराम सोडणार आहे, तसं कालच ठरलंय.

“राग नाही रे माझा,” ती उठता उठता म्हणाली. “पण तो कालपासून माझ्याशी बोलतोय.”

जेवणं झाली. धनराजला पाहुण्याचा पाट मिळाला, आई चूल मांडायची त्याच जागेसमोर. वाढलं तेवढं तो मान खाली घालून जेवला. उन्हं कलल्यावर सावळीरामच्या बायकोने आक्काची ओटी भरली. आक्का पिकअपमध्ये पुढे सावळीरामच्या शेजारी बसली, पिशवी मांडीवर घेऊन. झोक्यावरच्या बायकांनी हात हलवले. तिने धनराजच्या पाठीवरून हात फिरवला आणि दार ओढून घेतलं. पिकअप पाराला वळसा घालून निघाली.

ती नजरेआड व्हायच्या आत धनराजने खिशातून फोन काढला. ऑफिसचा नव्हे, स्वतःचा. नंबर लावला. तिने काल बंद केलेला फोन आता चालू असेल का, याची खात्री नव्हती. रिंग गेली. गेली, गेली, त्याला वाटलं तुटणार. मग तिने उचलला. पिकअपचा खडखडाट ऐकू येत होता.

“बोल,” आक्का म्हणाली.

नाशिकमधल्या कितीतरी दुकानांच्या वतीने गोडगोड वाक्यं लिहिणारा धनराज, त्याला एक वाक्य सापडेना. माफ कर म्हणावं, तर त्याची वेळ मघाशीच निघून गेली होती. कशी आहेस म्हणावं, तर तोंड नव्हतं. तो नुसता फोन कानाला लावून, दुसऱ्याच्या झालेल्या घरापुढे उभा राहिला. पलीकडून तिनेही फोन ठेवला नाही. पिकअप मोठ्या रस्त्याला लागली असावी, आवाज बदलला.

“आक्का,” तो शेवटी घरच्या अहिराणीत म्हणाला, “मी शे.” मीच आहे.

पलीकडे सावळीरामने काहीतरी विचारलं, आणि थांब जरा, भाऊचा फोन आहे, असं तिने त्याला सांगितलेलं धनराजने ऐकलं. मग ती पुन्हा फोनवर आली. तिचा श्वास ऐकू येत होता. ती आता काय बोलेल, हे धनराजला अजिबात ठाऊक नव्हतं.